मुंबई ते गोवा, सव्वाचारशे किलोमीटर

मुंबईच्या विमानतळापासून गोव्यातल्या दाबोळी विमानतळापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर भरतं. नकाशावर दोन्ही ठिकाणी टाचण्या लावून दोरा ताणला, तर तो अलिबाग आणि पेण यांच्या मधून निघतो, म्हसळ्याजवळून दापोलीवर येतो, रत्नागिरी उजव्या हाताला ठेवून कुडाळवरून जातो आणि म्हापसा-पणजीला घासून मुरगावच्या पठारावर उतरतो. सगळं कोकण या एका दोऱ्याखाली येतं. हा दोरा मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गिरगावच्या घरी, मामाआजोबांच्या हातात. शाळेचा नकाशासंग्रह त्यांनी जमिनीवर उघडला होता आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेऊन ते मला अंतर मोजायला शिकवत होते.

मामाआजोबा म्हणजे आजीचे धाकटे भाऊ. गाव बांदा, आणि नोकरी मुंबई-पणजी आगबोटीवर कारकुनाची. बोटीवरच्या माणसांकडून त्यांनी जे उचललं होतं ते त्यांनी मला दिलं. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करायचे. त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. मुंबई एकोणीस अंशांच्या जरा वर, दाबोळी साडेपंधरा अंशांच्या जरा खाली. फरक तीन अंश आणि बेचाळीस भागांचा, म्हणजे दोनशे बावीस मैल. गोवा मुंबईच्या थोडं पूर्वेलाही आहे, म्हणून तिरकस रेषेचे आणखी काही मैल धरायचे. एकूण दोनशे तीस. आज विमानातले संगणक हेच अंतर पृथ्वीची गोलाई हिशेबात धरून काढतात, आणि इतक्या छोट्या टप्प्यात उत्तर तेच येतं. मामाआजोबांनी तोवर हयातीत एकदाही विमानात पाय ठेवला नव्हता, पण दोन विमानतळांमधलं अंतर त्यांनी दोऱ्याने बरोबर काढलं होतं.

आमच्या घरात गेली शंभर वर्षं कुणी ना कुणी या दोन टोकांमध्ये ये-जा करत आलं आहे. त्या सगळ्यांचे प्रवास ऐकत मी मोठा झालो. अंतर तेवढंच राहिलं. लागणारा वेळ मात्र चोवीस तासांपासून आठवड्यापर्यंत आणि तिथून तासाभरापर्यंत हेलकावत राहिला. हा वेळ कशामुळे वाढला आणि कशामुळे घटला हे शोधायला लागलं की वाहनाचा वेग फार थोड्या ठिकाणी कारणीभूत ठरतो. नद्या, पाऊस, सरकारी शिक्के, तोफा, पूल, यांचाच त्यात मोठा वाटा आहे.

आधी आगबोट. मामाआजोबांच्या तोंडून बंदरांची नावं एका दमात येत: जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे गोवा मुक्त झाल्यानंतर ‘रोहिणी’, ‘चंपावती’ या बोटींची नावं घराघरांत झाली, आणि माझ्या लहानपणी ‘कोकणसेवक’ची. चोवीस तासांतला बराच वेळ बोट चालत नसे, थांबलेली असे. बहुतेक बंदरांना मोठी बोट लागेल असा धक्काच नव्हता. बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, भोंगा देई, आणि किनाऱ्यावरून पडाव वल्हवत येत. शिडीच्या तळाशी पडाव वरखाली होत असे. तो वर आला की त्या क्षणी पाय टाकायचा. क्षण चुकला की कंबरेपर्यंत पाणी. लहान मुलं तर खलाशी वरून खाली हातोहात देत. ट्रंका, आंब्याच्या करंड्या, फणस, शिवणाची यंत्रं, एकदा तर सतरंजीत गुंडाळलेला पाळणा अशा मार्गाने उतरला, असं मामाआजोबा सांगत.

“बोट उशिरा पोचली असं कुणी म्हणायचंच नाही. किती पडाव लागले ते सांगायचं,” असं ते म्हणत. रत्नागिरीला आठ पडाव लागले की पुढच्या सगळ्या बंदरांवरची माणसं तेवढा वेळ उन्हात बसून राहत. डेकवर वळकटी पसरून जागा धरलेली माणसं एकमेकांच्या गावचे, मग एकमेकांच्या सोयरिकीचे धागे काढत. ज्यांना बोट लागे ती लिंबू नाकाशी धरून पडून असत. पहाटे कुणीतरी आग्वादचा दिवा दिसल्याची हाक दिली की सगळं डेक उठून बसे.

पावसाळ्यात हे सगळं बंद. मे अखेरीला बोटी थांबत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्र खुला होई. त्या तीन महिन्यांत मुंबई आणि दक्षिण कोकण एकमेकांपासून खरोखर दूर जात. जून-जुलैत घरात कुणी गेलं तर सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून बेळगाव गाठायचं, आणि तिथून आगगाडीने पुणे, मुंबई. कोकणातला माणूस मुंबईला जायला आधी पूर्वेकडे जाई. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या फेरीवर निघालेली ‘रामदास’ मुंबईबाहेरच्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या बोटीबद्दल मामाआजोबा एकच वाक्य बोलत: ऐन पावसाळ्यात समुद्रात माणसं घालू नयेत. पुढे विचारलं तर उठून जात.

आगगाडीनेही तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्याला जाता येई. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसल रॉक, आणि मग दूधसागरच्या धबधब्यावरून उतरत कुळ्यापर्यंत. वाटेत एका सरकारचे लोक सामान तपासत, घाट उतरल्यावर दुसऱ्या सरकारचे. आजीला हा रस्ता आवडत नसे. डब्यात उघडून टाकलेलं सामान पुन्हा बांधायला तिला वेळ मिळत नसे, आणि धबधबा पाहायचा राहून जाई.

१९५४ च्या उन्हाळ्यात माझ्या आत्याचं लग्न झालं. सासर पेडण्याला, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला. आजीचं माहेर बांदा तिथून काही कोसांवर. स्थळ पाहताना आजीने हाच हिशेब केला होता: मुंबईहून लांब असलं तरी माझ्या भावांच्या डोळ्यांसमोर मुलगी राहील. वर्षभरात हा हिशेब साफ कोसळला. गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या सीमेवर जाऊ लागल्या. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या. पत्रादेवी म्हणजे बांदा आणि पेडणे यांच्या मधली जागा. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. आगगाडी थांबली, मुंबईच्या बोटी पणजीला लागेनाशा झाल्या, मुंबईत नोकरी करणाऱ्या हजारो गोवेकरांना घरी पैसे पाठवणं मुश्कील झालं. मामाआजोबांची बोट वेंगुर्ल्यावरूनच मागे फिरू लागली.

आणि याच १९५५ साली पोर्तुगिजांनी दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभा केला. जमिनीवरून कोंडी झाली म्हणून आकाशातून वाट काढायची, हा त्यामागचा सरळ विचार. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या बांधल्या आणि पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतःची विमान कंपनी काढली. तिची विमानं गोवा, दमण, दीव आणि कराची यांच्यामध्ये उडत. पुढे ती लिस्बनपर्यंत जाऊ लागली. गोव्यातल्या या पहिल्या मोठ्या विमानतळावरून मुंबईला विमान नव्हतं, कराचीला होतं. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी पुन्हा नकाशासंग्रह काढला. मुंबईहून कराची सुमारे ८७० किलोमीटर. कराचीहून दाबोळी सुमारे १,२७०. म्हणजे त्या सहा वर्षांत एखाद्याने हट्टाने विमानानेच मुंबईहून गोव्याला जायचं ठरवलं असतं, तर सव्वाचारशे किलोमीटरच्या जागी त्याला २,१०० किलोमीटरहून अधिक उडावं लागलं असतं आणि दोन देशांचे शिक्के घ्यावे लागले असते. मुंबईहून आधी वायव्येला जायचं आणि मग मुंबईला वळसा घालून समुद्रावरून दक्षिणेला. दोन विमानतळांमधलं अंतर सांगताना कुणी हा आकडा सांगत नाही, पण तोही खरा होता.

आमच्या घरच्यांना कराची परवडणारी नव्हती. १९५७ साली आत्याला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. आत्याला मुंबईला आणणं शक्य नव्हतं, म्हणून आजीच निघाली. परवान्यासाठी आजोबांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. परवाना मिळाला तो माजाळीच्या नाक्याचा. माजाळी कारवारपलीकडे, गोव्याच्या दक्षिण टोकाला. पेडणे उत्तर टोकाला. बांद्याच्या अंगणातून जिथे बैलगाडीने दुपारपर्यंत पोचता आलं असतं, तिथे जायला आजी पुणे, बेळगाव करत कारवारला गेली. कोडीबागला काळी नदी होडीने ओलांडून सदाशिवगड, तिथून माजाळी. पुढे दोन नाक्यांच्या मधला तुकडा पायी. सामान स्वतःच्या डोक्यावर. पोळ्याच्या नाक्यावर गोऱ्या शिपायाने, आजीच्या भाषेत पाखल्याने, डिंकाच्या लाडवांचा डबा उघडायला लावला. त्याने एक लाडू फोडून आत काही लपवलं आहे का पाहिलं. मग दुसरा फोडला. तिसऱ्याला हात घातल्यावर आजीने त्याचा हात धरला आणि पोटापुढे हाताचा अर्धगोल करून दाखवला: पोरीसाठी आहेत. शिपाई हसला आणि त्याने झाकण लावलं. फोडलेले दोन लाडू आजीने परत घेतले नाहीत; तिथेच एका हमालाच्या पोराला दिले. हा प्रसंग सांगताना तिच्या बोलण्यात त्या शिपायाविषयी राग नसे. राग असे तो परवान्यावर माजाळी लिहिणाऱ्या अनोळखी कारकुनावर.

पोळ्याहून काणकोण, मडगाव. कुठ्ठाळीला जुवारी फेरीबोटीने ओलांडून आगशी. पणजीला मांडवी ओलांडून बेती. मग म्हापसा, कोलवाळचा पूल, पेडणे. निघाल्यापासून पोचेपर्यंत जवळपास आठवडा गेला. आत्या आजही म्हणते, “आई पोचली तेव्हा तिच्या पायांकडे पाहून मीच तिला शेक दिला.” सासरी चहाबरोबर बटाट्याची भाजी वाढली ती हॉलंडहून बोटीने आलेल्या बटाट्यांची. नाकेबंदीच्या काळात गोव्यात अशा दूरदूरच्या वस्तू येत. पाच कोसांवरच्या बांद्याचे बटाटे येऊ शकत नव्हते, युरोपचे येत होते.

त्या सहा वर्षांत पेडण्याच्या आकाशातून अधूनमधून एक विमान जाई. ते दमणला चाललंय की कराचीला, हे आत्याला कळायचा मार्ग नव्हता. तिच्या मुलाने, माझ्या आतेभावाने, बोलायला लागल्यावर त्या विमानाकडे बोट दाखवून आजीला हाक मारली होती, कारण आजी कुठून येते असं विचारल्यावर घरात कुणीतरी वर हात केला होता.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे आत्या जागी झाली ती स्फोटाच्या आवाजाने. मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने शापोरा नदीवरचा पूल उडवला होता. त्याच सकाळी पुण्याहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं. धावपट्टी फोडा, पण विमानतळाच्या इमारतीला धक्का लावू नका, असे हुकूम होते. हवाई कारवाईचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो स्वतः गोमंतकीय होते. धावपट्टीवर खड्डे पडले तरी ती पूर्ण निकामी झाली नाही. दाबोळीवर दोन प्रवासी विमानं उभी होती. त्या रात्री उरलेल्या धावपट्टीवरून, दिवे मालवून, अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन ती दोन्ही उडाली आणि समुद्रावरून कराचीला गेली. पोर्तुगीज अमदानीतली दाबोळीवरची ती शेवटची उड्डाणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली.

बाबा पुढच्याच महिन्यात पेडण्याला गेले. बांद्याहून पत्रादेवीवरून, सरळ. आजीला जिथे पोचायला आठवडा लागला होता तिथे ते सकाळचा चहा बांद्याला पिऊन निघाले आणि उन्हं चढायच्या आत पोचले. अंगणात आत्याने त्यांना पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “परवाना कुठल्या नाक्याचा?”

दाबोळी १९६२ मध्ये नौदलाच्या ताब्यात आली आणि ‘आयएनएस हंसा’ पुढे तिथे आली. प्रवासी विमानांना तिथे जागा मिळाली ती नौदलाच्या सोयीने, आणि आजही कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात. दाबोळीहून बहुतेक विमानं दुपारी आणि रात्री का असतात, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे उत्तर. मुंबई-गोवा विमान सुरू झालं तेव्हा घरात त्याची चर्चा झाली, पण तिकीट काढलं नाही. ते काढलं सत्तरच्या दशकात, आत्याचे यजमान अचानक गंभीर झाले तेव्हा. बाबांचा तो पहिला विमानप्रवास. सांताक्रूझहून उडून तासाभरात ते दाबोळीला उतरले. उतरून घड्याळ पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, आपण वेळेत पोचलो. मग कुठ्ठाळीच्या धक्क्यावर फेरीबोटीची रांग. पलीकडच्या काठावर बोट गाड्या भरत उभी. जुवारीवर पूल नव्हता. तो १९८३ मध्ये झाला. मांडवीवर पूल झालेला होता. पेडण्याला पोचेस्तोवर रात्र झाली होती. आत्याचे यजमान त्यांची वाट पाहून संध्याकाळी गेले होते. बाबा त्या दिवसाविषयी बोलत तेव्हा विमानाविषयी काहीच सांगत नसत. जुवारीचं पाणी किती शांत होतं आणि पलीकडची बोट किती वेळ हलली नाही, एवढंच सांगत.

म्हणून कुणी मला मुंबई-गोवा विमानाला किती वेळ लागतो असं विचारलं, तर मी उलट विचारतो, गोव्यात कुठे जायचंय?

वेळापत्रकात हा प्रवास साधारण सव्वा तासाचा दाखवतात. ताशी आठशे किलोमीटरने जाणाऱ्या जेटला सव्वाचारशे किलोमीटरला अर्धा तास पुरायला हवा, असं गणित मुलं मांडतात आणि ते चुकीचं नाही. पण या टप्प्यावर विमान त्या वेगाने फार थोडा वेळ जातं. तीस हजार फूट चढायला वीसेक मिनिटं जातात, आणि उतरायला लागायचं ते उतरायच्या जागेच्या शंभर मैल आधीपासून. दर हजार फुटांना तीन मैल, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. दोनशे तीस मैलांतून चढण आणि उतरण वजा केली की सपाट उड्डाणाला जेमतेम काही मिनिटं उरतात. चहाचा कप गोळा करायला माणूस येतो तोच खाली उतरायची सूचना होते. शिवाय वेळापत्रकातला वेळ मोजतात तो चाकांचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. इतक्या गर्दीच्या विमानतळावर विमान रांगेत उभं राहतं ते जमिनीवर, आणि परतताना घिरट्या घालतं ते आकाशात. जुन्या डाकोटा विमानाला हवेत दीड-पावणेदोन तास लागले असते, जेटला पाऊण-एक तास लागतो, आणि रांगेचा वेळ त्यातली बरीच बचत खाऊन टाकतो.

दरम्यान बोटींची सेवा संपली. नव्वदच्या दशकात काही काळ वेगवान कॅटमरान चालली, तीही थांबली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि पावसाळ्यातही कोकणातला माणूस थेट मुंबईला जाऊ लागला. माझ्या मते या शंभर वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हा आहे, विमानापेक्षाही मोठा. कारण गाडी मधल्या गावांना थांबते. जयगड आणि विजयदुर्गला मात्र त्यानंतर कित्येक वर्षं कुणी भोंगा दिला नाही. त्या बंदरांवर माझ्या आजीच्या वयाच्या बायकांनी पदर खोचून पडावात पाय टाकलेले आहेत, आणि बोट बंद झाल्यावर तिथल्या माणसाला मुंबईला जायचं तर आधी डोंगर चढून हमरस्ता गाठावा लागे.

जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावर विमानं उतरू लागली. तो मोप्याच्या सड्यावर आहे, पेडणे तालुक्यात. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३९० किलोमीटर, दाबोळीपेक्षा पस्तीसेक कमी. आमच्या घराच्या भाषेत सांगायचं तर तीन नद्या अलीकडे. आत्याच्या दारातून विमानतळ अर्ध्या तासावर आला. ज्या पेडण्याला पोचायला आजीला अख्खा गोवा खालून वर ओलांडावा लागला, तिथेच आता आकाशातून माणसं उतरतात. या विमानतळासाठी सड्यावरच्या काजूच्या बागा गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या धनगर कुटुंबांना घरं सोडावी लागली. आमचा वेळ वाचला त्यात त्यांचं देणं आहे, ते आम्ही फेडलेलं नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात आत्याला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला आणलं. नव्वदीला टेकलेली आत्या, आणि तिचा तो पहिला विमानप्रवास. दुसऱ्या डोळ्याने तिला चांगलं दिसत होतं, म्हणून तिला डाव्या खिडकीत बसवलं. सकाळची स्वच्छ हवा होती. विमान वर चढलं आणि खाली समुद्रात वळत जाणारी पाण्याची पहिली जाड रेघ दिसली. आत्याने काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाली, “तेरेखोल.” मग जरा वेळाने, “कर्ली.” देवगडपुढची रुंद खाडी दिसली तेव्हा, “वाघोटन. खालती विजयदुर्ग असणार.” मग जैतापूर, भाट्ये, जयगड. ती यांतल्या एकाही बंदरात कधी उतरलेली नव्हती. तिला ही नावं पाठ होती ती मामाआजोबांमुळे. त्यांची ती एका दमातली यादी ती उलट्या क्रमाने म्हणत होती. दाभोळच्या खाडीपाशी ती थांबली. “इथे बोट थांबायची का रे?” तिने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते मामाआजोबा जाऊन खूप वर्षं झाली होती. बाणकोटची खाडी गेली, आणि विमान मुंबईसाठी उतरायला लागलं.

मुंबईत घरी पोचायला आम्हाला दोन तास लागले. विमान उडून उतरेपर्यंत जेवढा वेळ गेला होता त्याच्या दुप्पट.

विमानाचं अंतर आणि वेळ आज कुणालाही चुटकीसरशी कळतं. नाकेबंदीच्या सहा वर्षांत माणसं कुठल्या नाक्याने गेली, किती चालली, कुणाच्या घरी रात्र काढली, कुणाच्या तेराव्याला पोचू शकली नाहीत, हे मात्र कुठल्याच वेळापत्रकात नाही. ज्यांनी तो प्रवास जाणत्या वयात केला ती माणसं आज ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात, शेजारात, गावात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. बंदराचं नाव विचारा, बोटीचं विचारा, परवान्यावर काय लिहिलं होतं ते विचारा. सालाबद्दल खात्री नसेल तर त्या वर्षी घरात काय घडलं ते विचारा, साल आपोआप निघेल. आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. दाभोळला बोट थांबायची की नाही, हे मी वेळेत विचारायला हवं होतं. तुमच्याकडे अजून वेळ आहे.